जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन कमी झालंय? हेड खोलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. सकाळी सेल्फ बराच वेळ फिरतो आणि गाडी चालू होत नाही. एकदा झाली की दिवसभर ठीक. किंवा याच्या उलट, थंड असताना छान चालते आणि गरम झाल्यावर आयडलिंगला थरथरते, सिग्नलला बंद पडते. आमच्या गोव्यात म्हापसा-पणजी रस्त्यावर काही जाणवत नाही, पण केरीहून चोर्ला घाटाला लागलं की दुसरा गिअर सोडता येत नाही. पेट्रोल जास्त लागतं. ऑइलची पट्टी दर आठवड्याला खाली जाते. सायलेन्सरमधून निळा धूर येतो. ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून फकफक धूर बाहेर पडतो. कधी रेडिएटरचं पाणी कमी होतं, पण खाली एक थेंबही सांडलेला दिसत नाही.

यातली दोन-तीन लक्षणं घेऊन गाडी दुरुस्तीला गेली की मालकाला एकच निर्णय ऐकवला जातो: इंजिन काम काढावं लागेल. मारुती 800, ओम्नी, जुनी झेन, सँट्रो अशा गाड्यांवर मी वर्षानुवर्षं हाच दोष शोधत आलो आहे. त्यातल्या कितीतरी गाड्यांचं इंजिन उघडण्याची गरजच नसते. काहींची असते, पण कुठे आणि किती, ते मोजल्याशिवाय कुणीही सांगू नये आणि तुम्हीही ऐकून घेऊ नये. इथे लिहिलेलं सगळं पेट्रोल गाड्यांपुरतं आहे. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन याच्या दुपटीहून जास्त असतं, त्याचा गेज आणि जोडणी वेगळी असते. डिझेल गाडी थेट जाणकाराकडे न्या.

मुळात होतं काय, ते एकदा समजून घेऊ. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, तेच कॉम्प्रेशन. तो दाब बहुतेक वेळा तीन वाटांनी सुटतो: पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइल चेंबरमध्ये, नीट न बसणाऱ्या व्हॉल्वमधून वर, किंवा फुटलेल्या हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग हेड, खालचा सिलिंडरांचा भाग ब्लॉक, त्यांच्यामधला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट) शेजारच्या सिलिंडरमध्ये, नाहीतर पाण्यात. पिस्टनला भोक पडणं, हेडला तडा जाणं असले प्रकार होतात, पण क्वचित. पुढची प्रत्येक तपासणी यातली कुठली वाट फुटली आहे ते शोधण्यासाठीच आहे.

आपल्याकडे या तिन्ही वाटा फुटायला गोव्याचं हवामान आणि जमीन हातभार लावतात. तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला असलेले, आणि आखातात असलेल्या लोकांच्या गाड्या महिनोन्महिने शेडखाली उभ्या असतात. दमट हवेत रिंगा खाचेत चिकटतात, उघड्या राहिलेल्या व्हॉल्वच्या सीटवर, म्हणजे तो मिटताना जिथे टेकतो त्या कडेवर, गंज धरतो. डिचोली, साखळी, पाळी, उसगाव या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षं चाललेल्या गाड्यांच्या एअर फिल्टरमधून तांबडी धूळ आत गेलेली असते आणि ती रिंगा व बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासून टाकते. आणि जवळपास सगळीकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं किंवा बोअरवेलचं पाणी ओतायची सवय आहे. त्याने आतल्या वाटा गंजाने आणि क्षारांनी बुजतात, गाडी तापते आणि हेड वाकतं. 800 सारख्या इंजिनात हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, आणि मधल्या गॅस्केटला ते सगळं सोसावं लागतं.

पैसे न लागणारी तपासणी

पहिला प्रश्न: दोष खरंच कॉम्प्रेशनचा आहे का? पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये दमट हवेचं पाणी धरतं, उंदीर प्लगच्या वायरी कुरतडतात, व्हॅक्यूमची रबरी नळी फाटते. तिन्हींमुळे गाडी अगदी कॉम्प्रेशन गेल्यासारखीच मिसिंग करते. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा, वायरी हाताने चाचपून बघा. काळोखात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहिलं तर फाटक्या वायरीतून उडणाऱ्या ठिणग्या दिसतातच. हे करायला दहा मिनिटं लागतात, आणि ते न करता हेड उतरवलं तर सगळा खर्च वाया.

मग कानाचा वापर करा. कॉइलची मुख्य वायर काढून ठेवा म्हणजे गाडी चालू होणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. एमपीएफआय गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला की तेच काम होतं. चांगल्या इंजिनात सेल्फचा आवाज एका लयीत येतो, प्रत्येक सिलिंडरला सारखा जोर लागतो. एक सिलिंडर कमजोर असेल तर दर फेरीत एका ठिकाणी आवाज हलका होऊन पुढे पळतो. सगळंच इंजिन सैल, पटापट फिरत असेल तर दाब कुठेच धरत नाही. त्यात टायमिंग बेल्ट दात सोडून सरकल्याचा संशय आधी घ्या, रिंगांचा नंतर.

कुठला सिलिंडर, ते शोधायला आयडलिंगवर एकेका प्लगची वायर काढून बघायची जुनी पद्धत आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती चालते, पण रबरी दस्त्याचा चिमटा वापरा. झटका जोराचा बसतो. एमपीएफआय गाडीत वायर हवेत सोडू नका, कॉइल जळू शकते. तिथे इंजेक्टरचं कनेक्टर काढा. ज्या सिलिंडरचं कनेक्शन काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो काम करत नाही.

ऑइल, पाणी आणि प्लग काय सांगतात

ऑइलच्या झाकणाखाली पांढरा, लोण्यासारखा थर दिसला की लोक घाबरतात आणि दुरुस्तीवाला "गॅस्केट गेलं" म्हणतो. जून ते सप्टेंबरमध्ये घर ते बाजार एवढीच फिरणाऱ्या गाडीत तो थर नुसत्या दमटपणानेही धरतो, कारण इंजिन पुरेसं गरमच होत नाही आणि आतली वाफ निघून जात नाही. झाकण पुसा, गाडी एकदा पणजीहून काणकोणपर्यंत नेऊन आणा, पुन्हा बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरची पातळी जागेवर असेल, तर गॅस्केटला दोष देऊ नका. पण पट्टीवरचंच ऑइल दुधी चहासारखं झालं असेल तर गाडी पुन्हा चालू करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगना वाचवत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते. मिनिट-दोन मिनिटांनंतरही बुडबुडे थांबत नसतील, आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर जळालेला वायू पाण्यात घुसतो आहे. गरम इंजिनाचं झाकण काढायचं धाडस कुणीही करू नये. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

निळा धूर कधी येतो हे नीट बघा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आल्यावर पुन्हा दाबला आणि निळा भपका आला, नंतर साफ झाला, तर बहुधा व्हॉल्वचे ऑइल सील कडक झालेत. त्याने ऑइल जळतं पण कॉम्प्रेशन कमी होत नाही, आणि त्यासाठी अख्खं इंजिन खोलायची गरज नसते. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर असेल आणि झाकणातूनही धूर येत असेल, तर रिंगांकडे बोट जातं.

एअर फिल्टर काढून त्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या नळीत बोट फिरवा. बोट तांबडं झालं तर धूळ आत जाते आहे. ते बंद केल्याशिवाय नव्या रिंगा घातल्या तरी टिकणार नाहीत.

शेवटी प्लग. क्रमाने काढा, क्रमानेच ठेवा. ऑइलने ओला आणि काळा असेल तर ऑइल वर येतं आहे. बाकीचे तपकिरी असताना एखादाच धुतल्यासारखा चकचकीत दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं आहे. प्लगच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटलेले दिसले तर पिस्टन वितळायला लागला आहे. तिथे घरची तपासणी संपली.

टॅपेट: सगळ्यात दुर्लक्षित जागा

यावर जरा थांबतो, कारण सर्वात जास्त पैसे इथे वाचतात. 800 आणि ओम्नीच्या 796 सीसी इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व दाबून उघडणारे भाग, स्क्रूने लावायचे असतात; दोघांमधली फट त्या स्क्रूने ठरते. टॅपेट वाजायला लागले की मालक तक्रार करतो. पण आवाज आपोआप बंद झाला की त्याला बरं वाटतं. खरा धोका तिथेच आहे. सीट आणि व्हॉल्व झिजून व्हॉल्व वर सरकतो, तशी टॅपेटमधली फट कमी होत जाते आणि आवाज जातो. फट संपली की व्हॉल्व पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वची उष्णता सीटला टेकल्यावरच निघून जाते. टेकला नाही तर तो कडेने जळतो. गरम झाल्यावर धातू पसरून उरलेली फटही जाते, म्हणून थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर थरथर हे लक्षण दिसतं. एलपीजीवर चालवलेल्या ओम्नींमध्ये हे लवकर होतं.

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, स्वस्त आहे. थंड इंजिनात फट साधारण 0.15 मिमीच्या आसपास हवी. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात बघून घ्या आणि त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व बंद असताना मोजा. फट घट्ट सापडली तर बरोबर लावा, दोन-चार दिवस गाडी चालवा, मगच पुढच्या तपासणीला लागा. व्हॉल्व अजून जळला नसेल तर दोष इथेच मिटतो.

गेज लावून मोजणं

प्लगच्या जागी स्क्रूने बसणारा कॉम्प्रेशन गेज घ्या, तो साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. रबरी टोक दाबून धरायचा गेज एकट्याने वापरला तर आकडे डळमळतात.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. इंजिन चालवून गरम केलेलं हवं. सगळे प्लग काढा, एक-एक नव्हे, म्हणजे सेल्फवर भार येत नाही. कॉइल आणि पेट्रोल दोन्ही बंद. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. यातली शेवटची गोष्ट विसरली जाते, मग इंजिनाला हवाच मिळत नाही आणि सगळे आकडे खोटे कमी येतात. सुई चढायची थांबेपर्यंत सेल्फ मारा, सगळ्या सिलिंडरना सारखाच वेळ द्या. पहिल्या झटक्याला सुई कुठे गेली आणि शेवटी कुठे थांबली, दोन्ही लिहून ठेवा.

चांगल्या जुन्या पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 190 पीएसआय (दाबाचं माप) दिसतात. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. 800 च्या तीन सिलिंडरचे आकडे 152, 148, 150 आले तर इंजिन वापरलेलं आहे पण निरोगी आहे; पिकअपचा दोष दुसरीकडे शोधा. क्लच घसरतोय का, ब्रेक धरून राहतात का, सायलेन्सर आतून तुंबलाय का. 155, 90, 152 असेल तर मधल्या सिलिंडरचा व्हॉल्व किंवा रिंग. 150, 85, 90 असे शेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर त्या दोघांमधल्या जागेत गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता सर्वात मोठी. तिन्ही सारखेच 100 च्या आसपास असतील तर लगेच रिंगांचा निकाल देऊ नका: बॅटरी, ॲक्सिलरेटर आणि टायमिंग बेल्टची खूण आधी बघा. बेल्ट एक दात सरकला तरी सगळ्या सिलिंडरचे व्हॉल्व चुकीच्या वेळी उघडतात आणि मिटतात.

आणखी एक फसवी गोष्ट. खूप वेळ सेल्फ मारून चालू न झालेल्या गाडीत पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. रिंगांना दाब धरायला ते ऑइलच लागतं. अशा गाडीचे आकडे भयंकर येतात, आणि इंजिन मात्र ठणठणीत असतं.

म्हणून पुढची पायरी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, सेल्फने दोन-तीन फेऱ्या फिरवा आणि पुन्हा मोजा. 90 चे 135 झाले तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, दोष रिंगांचा किंवा बोअरचा. 90 चे 95 च राहिले तर व्हॉल्व नाहीतर गॅस्केट, कारण तिथपर्यंत ऑइल पोचत नाही. पहिल्या झटक्याचा आकडा इथे कामाला येतो: रिंगा गेलेल्या सिलिंडरमध्ये सुई कमी सुरू होऊन झटक्या-झटक्याने चढते, व्हॉल्व जळलेल्यात ती खालीच अडकून राहते. चमच्याहून जास्त ऑइल ओतू नका. जास्त ऑइलने पिस्टनवरची जागाच भरते आणि आकडा खोटा वाढतो.

बरेच महिने उभी असलेली गाडी

चवथीला गावी आल्यावर शेडमधली गाडी काढून थेट सेल्फ मारतात. तसं करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल किंवा गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, अजून एक दिवस तेल मुरू द्या. मोकळं फिरलं की प्लग न लावताच सेल्फ मारून आतलं तेल बाहेर काढा, भोकांवर फडकं धरा. पिस्टनवर द्रव राहिला आणि प्लग लावून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग ऑइल आणि फिल्टर बदला, गाडी चालू करा, थोडी चालवा आणि मगच कॉम्प्रेशन मोजा. चिकटलेल्या रिंगा चालल्यावर सुटतात. पहिल्या दिवशी 80 दाखवणारा सिलिंडर काही दिवसांच्या वापराने सव्वाशेच्या वर जाताना मी पाहिलेला आहे. उभ्या गाडीचं इंजिन पहिल्याच दिवशीच्या आकड्यावर कुणालाही खोलू देऊ नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा आयडलिंगला लुकलुकला, इंजिनाच्या पोटातून जड ठकठक येते आणि रेस दिल्यावर वाढते, ऑइल काढल्यावर त्यात चमचमणारे धातूचे कण दिसतात, ऑइल दुधी झालं आहे, किंवा हाताने फिरवताना इंजिन एका जागी कडक अडतं. यातलं एकही दिसलं तर गाडी बंद करा आणि टो करून न्या. ठकठक करणाऱ्या बेअरिंगवर "गॅरेजपर्यंत तर जाईल" म्हणून गाडी चालवली तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग दुरुस्त होणारं इंजिन भंगारात जातं. थंड असताना येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी हलकी खडखड बहुधा पिस्टनची असते. ती तितकी तातडीची नाही.

गेजने दोष कळला पण जागा पक्की होत नसेल तर कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये हवा सोडून तपासा म्हणावं. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व बंद ठेवून प्लगच्या भोकातून हवा सोडतात. फुसफुस कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. ही तपासणी हेड न उघडता जागा दाखवते. हे घरी करू नका. हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरतो आणि हात जायबंदी होतो.

हेड उतरवलंच तर फक्त नवं गॅस्केट घालून परत बसवू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून बघायला सांगा. 0.05 मिमीहून जास्त फट असेल तर मशीनवर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, हवं, नाहीतर नवं गॅस्केटही फुटेल. तडा आहे का ते दाबाखाली तपासून घ्या. व्हॉल्व ग्राइंडिंग, सीट आणि ऑइल सील त्याच वेळी करून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते. ब्लॉकचं काम निघालं तर बोअरची झीज किती, टेपर (वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक) किती, हे आकडे कागदावर मागा. झीज मर्यादेत असेल तर होनिंग (बोअर आतून हलकं घासून घेणं) आणि नव्या रिंगा पुरतात. जास्त असेल तरच बोअर मोठं करून ओव्हरसाइज पिस्टन. वाकड्या, घासलेल्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा घातल्या तर काही महिन्यांत तोच धूर परत येतो.

खर्चाचं म्हणाल तर फक्त हेडचं काम बहुतेक गाड्यांना परवडतं. पूर्ण इंजिन काम करण्याआधी गाडीचा पत्रा आणि चेसिस खालून बघा, आणि पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण झालंय का तेही. समुद्राकाठच्या गाडीचं फ्लोअर गंजून गेलं असेल तर इंजिनावर पैसा घालू नका. कुणी जुनं इंजिन आणून बसवतो म्हणालं तर तेही बसवण्याआधी गेजने मोजून घ्या, बिल मागा, आणि इंजिन नंबर बदलत असेल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. नोंद नसेल तर विमा आणि पुढची विक्री दोन्ही अडतात.